झेंडी बेटावरचा परीस

१२ जानेवारी, रविवार

ही वही नववीच्या विज्ञानाची आहे. सतरा पानं भरेल आहेत, बाकी कोरे राह्यले. मले चार लोकांत बोलता येत नाही, गळ्यात आवंढा अडकते. लिहिताना अडकत नाही. म्हणून लिहून राह्यली.

आज कपिल आलता तांड्यावर. धरणाच्या अलीकडच्या गावातल्या वामनरावचा पोरगा. मी बकऱ्याईले पाला टाकून राह्यलती. मले म्हणे, "पक्ष्याईचं ज्याले त्याले सांगते थे किसनसिंगची पोरगी तूच ना?"

मी कोणालेच काही सांगत नाही. पण मान हालवली.

"मी बोट घेतली. बारा लोकाईची. पाहुण्याईले झेंडीच्या बेटावर नेतो, पक्षी दाखवतो. पण मले बगळा आणि कोंबडी सोडून तिसरं नाव येत नाही. तू संग चाल. बोलाचं काम नाही तुले. तू माह्या कानात सांगजो, माईकवर मी बोलतो."

त्याले आठवत नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडं नीट पाह्यलं. खरंच आठवत नव्हतं.

मी नववीत होती तवा शाळेची सहल याच धरणावर आलती. सरांनं मले उभं केलं आणि पाण्यावरचे पक्षी कोणते म्हणून विचारलं. मले सगळे माहीत होते. पण तोंडातून आवाज निघाला नाही. मंग रडू आलं, नाकातून शेंबूड आला, तरी मी उभीच. दिपाली माह्या वर्गात, तिचा भाऊ म्हणून कपिल सहलीत आलता. त्यानं थे सगळं मोबाईलात घेतलं. खाली लिहिलं, "पक्षीतज्ज्ञ मॅडम", वर गाणं लावलं आणि टाकून देल्लं. चार हजार लोकाईनं पाह्यलं. आर्णीच्या बसस्टॅंडवर एका अनोळखी बाईनं मले पाहून नाक पुसल्यासारखं केलं. त्याच्यानंतर मी नऊ दिवस शाळेत गेली. घरी सांगतलं, बस बंद झाली. दिपाली तीन खेपा घरी आलती, मी गोठ्यात लपून राह्यली.

अडीच वर्षं झाले. माही शाळा गेली आणि त्याच्या ध्यानातही नाही.

याडी, म्हणजे माही माय, म्हणे, जा वं, घरात बसून बकरी झाली तू. मी हो म्हटलं. याडीले वाटलं पोरगी सुधरली.

१९ जानेवारी

पहिली फेरी. बोट जुनी फायबरची, मशीन लावेल, लय आवाज करते. सगळ्याईले नारिंगी जाकीट. आर्णीचे दोन घरं आणि दारव्ह्याचा एक मास्तर.

झेंडीचं बेट म्हणजे धरण भरलं तवा बुडाची राह्यलेली टेकडी. मोजणीवाल्याईनं लोखंडी खांब गाडून लाल झेंडी लावलती, झेंडी कवाच फाटली, खांब आहे. जसं जसं कालव्यानं पाणी जाते तसं तसं बेट मोठं होते. उन्हाळ्यात चारीकडून गोट्याचा पट्टा उघडा पडते. मी लहानपणापासून बाच्या संग डोंग्यात बसून तेथी चारा कापाले जाते. कोणता पक्षी कोणत्या गोट्यावर बसते थे मले माहीत आहे.

आज खरं खरं सांगतलं. पाणकावळे, नारिंगी बदकं, उघड्या चोचीचे करकोचे. मी कानात सांगे, थो माईकवर सांगे, लोकं म्हणे वा, काय अभ्यास आहे पोराचा. उतरताना मास्तरनं त्याची पाठ थोपटली. मी नांगर धरून उभी होती, माह्याकडं कोणी पाह्यलं नाही.

पुढच्या खेपेपासून खोटं सांगीन. चार लोकांत त्याचं तोंड पडलं पाह्यजे. माहं पडलं तसं.

२६ जानेवारी

सांगतलं की नारिंगी बदकं हिमालयाकडून अर्ध्या वाटेपर्यंत पायी येतेत, मंग उडतेत. म्हणून त्याईचे पाय चपटे. त्यानं जसंच्या तसं माईकवर म्हटलं. वाटलं आता कोणी तरी हसन. एका काकानं मोबाईल काढला आणि म्हणे, दादा, थे पायीवालं पुन्हा सांगा, व्हिडिओ घ्याचा आहे.

टाळ्या पडल्या.

मंग म्हटलं पाणकावळे पंख पसरून बसतेत थे सूर्याले नमस्कार करतेत. त्यालेही टाळ्या. एका आजीनं पाणकावळ्याले हात जोडले.

खोटं ओळखणारं माणूसच पाह्यजे बोटीत. नाही तं काही फायदा नाही.

१६ फेब्रुवारी

पाच रविवार झाले. कपिलनं त्याची पाटी बदलवली. आता तिच्यावर त्याचा फोटो आहे, दुर्बीण धरेल. दुर्बीण उलटी धरेल आहे. मी सांगतलं नाही.

यवतमाळले वर्षा मॅडम म्हणून आहेत, पक्षी मोजाचं काम करतेत. मागच्या हिवाळ्यात धरणावर आलत्या तवा बाले कागदावर नंबर देऊन गेलत्या. माहा मोठा भाऊ सुनीलभिया लोहाऱ्यात कारखान्यात लागला आहे, त्यानं त्याचा जुना मोबाईल मले देल्ला. त्याच्यावरून लावला. तीनदा त्याईनं हॅलो म्हटलं आणि मी कट केला. चौथ्या खेपेले डोळे मिटून एका दमात म्हटलं, "झेंडीच्या बेटावर पक्षी दाखवतेत तुम्ही याजो."

"कोण बोलतंय?"

कट केला.

मंग संदेश पाठवला. त्या म्हणे मार्चमंदी येईन, तेवीस तारखेले.

२ मार्च

तेवीससाठी मोठं काही तरी पाह्यजे. बदकाच्या पायानं भागत नाही.

आज सापडलं. लहान होती तवा बा सांगे, टिटवीच्या अंड्याचं कवच लय टणक, परीस लावल्याशिवाय फुटत नाही. टिटवी कुठून तरी परीस आणते, खोप्यात ठेवते, पिल्लं निघाले का पुन्हा लपवते. जुन्या काळी आमचे लोकं बैलाच्या पाठीवर गोण्या घालून फिरत तवा कोणाच्या तरी बैलाचा नाल असाच पिवळा झालता म्हणे.

मी कपिलले सांगतलं. वरून माह्या मनाचं जोडलं, की झेंडीच्या बेटावर बाच्या विळ्याचं टोक पिवळं पडलतं.

पह्यले हसला. मंग मशीन बंद करून म्हणे, "खरंच?"

"बानं पाह्यलं."

"तुमच्या घरी आहे थो विळा?"

"पाण्यात पडला."

त्यानं दाढी खाजवली. म्हटलं फसला. आता मॅडमसमोर बोलन आणि मॅडम हसतीन, आणि सगळे हसतीन, आणि मी पाहीन.

९ मार्च

त्याले दम निघाला नाही. आजच सांगून टाकलं. आणि खांबापाशी उभं राहून व्हिडिओ केला. "मित्रांनो, या बेटावर परीस आहे. सोताच्या डोयानं त्याची करामत पाह्यलेला माणूस आजही जिता आहे."

माहा बा मोबाईलात येऊन गेला आणि त्याले माहीतही नाही.

२३ मार्च

मॅडम आल्या. पांढरे केस, पायात पोराईसारखे बूट. बोटीत माह्या बाजूलेच बसल्या.

बेटाच्या पलीकडल्या गोट्याच्या पट्ट्यावर पांढरे पक्षी बसले होते. काळी टोपी, पिवळी चोच, शेपटीले दोन लांब टोकं. दरवर्षी बसतेत. मॅडम म्हणे हे नदी सुरय. म्हणे आता कमी झाले सगळीकडं, तुमच्या येथी एवढे आहेत हे लोकाईले माहीत नाही. त्याईनं दुरूनच मोजले. त्रेसष्ट जोड्या. मधात मधात टिटव्याही. खोपा म्हणजे काही नाही, गोट्यात नुसतं खोलगट, आणि अंडे गोट्यासारखेच, ठिपक्याचे. पाय पडला तरी समजत नाही.

कपिलनं माईक घेतला आणि परीस सांगतला.

मॅडम हसल्या. मी याच हसण्याची दोन महिने वाट पाह्यलती. त्या म्हणे, "बाळा, पिल्लू आतून चोचीनंच कवच फोडतं. परीस-बिरीस काही नसतो." चांगलं सावकाश, सगळ्याईले आयकू जाईन असं सांगतलं.

बोटीतला एक माणूस म्हणे, "मॅडम, तुमच्या पुस्तकात नसन. सगळंच थोडी पुस्तकात राह्यते."

दुसरा म्हणे, "दादा, तुम्ही सांगा. मॅडमचं चालू द्या."

लोकं मॅडमवर हसले. कपिलवर नाही.

उतरताना मॅडमनं मले बाजूले घेतलं. "फोन तूच केला होतास ना? आवाज नाही, पण दम ओळखला मी." मी मान खाली घातली. त्या म्हणे, "आई अंड्यावरून उठली आणि दुपारच्या उन्हात पाच-दहा मिनिटं बसली नाही, तर अंडं आतल्या आत शिजतं. पिल्लं उडेपर्यंत त्या पट्ट्यावर कोणी जायला नको."

त्याईनं कपिललेही सांगतलं. थो म्हणे, "मॅडम, दोन महिन्याचे रविवार भरले माहे. लोकं परभणीहून येऊन राह्यले."

३० मार्च, पाडवा

तीन फेऱ्या झाल्या. कोणालेच पक्षी पाहाचे नव्हते. एकानं खिळ्याची पिशवी आणलती. एकानं कुलूप. एका बाईनं पोराचा लोखंडी वाळा. पट्ट्यावर उतरले का सगळे वाकले आणि एक एक गोटा उचलून लोखंडाले घासाले लागले. घासून झाला का फेकत. सुरय डोक्यावर चिरकत होते, चोचीनं मारत होते. लोकं हसत, टोप्या धरत.

कोणाचा पाय पडला का बारीक आवाज येते. आज सात खेपा आयकला.

मी कपिलले म्हटलं, "अंडे फुटून राह्यले."

थो म्हणे, "पक्षी पुन्हा देतेत ना वं. कोंबडी नाही देत काय?"

त्याच्यावर राग आला थो वेगळा. पण थे लोकं माह्याच गोठीनं वाकले होते.

२ एप्रिल

बानं सकाळीच बैलाचे दोन जुने नाल धुऊन ठेवले. मले म्हणे, "कपिलले सांगून मले एक दिवस ने."

"बा, थे खरं नाही. मी बनवलं थे."

"तू कुठून बनवशील? मीच तं तुले सांगतलं होतं."

"तुह्या विळ्याचं मी बनवलं."

बानं एक नाल उचलून उलटा केला. "एक विळा पाण्यात पडलता खरा," म्हणे. "त्याचं टोक कसं होतं हे मी पाह्यलंच नाही कवा."

याडी चुलीपासून म्हणे, "ने वं बापाले. म्हातारा आपला हिंडून येईन."

मी नाही म्हटलं. बानं नाल पुसून खुंटीले टांगले.

६ एप्रिल

आज रामनवमी. दोन बोटी भरन एवढे लोकं एका बोटीत.

बेट जवळ आलं तवा मी कपिलच्या हातातून माईक घेतला. माईक इतका जवळ धरला का दातावर लागला. म्हटलं, "येथी परीस नाही. मी खोटं सांगतलं. मी बनवलं. पट्ट्यावर जाऊ नका, अंडे आहेत."

एवढंच. पण सगळं म्हटलं. मधात अडकलं नाही.

मंग मागून एक बाई म्हणे, "हिले सापडला असन."

"मंग नाही तं. रोज येते हे बेटावर."

"ए पोरी, थैली दाखव तुही."

कपिल म्हणे, "दाखवून दे ना, कायले तमाशा करते." त्यानंच माही थैली उलटी केली. भाकरीचं फडकं, चष्म्याचा डब्बा ज्याच्यात मी पिसं ठेवते, आणि चार बारके गोटे. थे गोटे मी उगीच जमा केले होते, रंग चांगले होते म्हणून. त्याईनं चारही गोटे कुलपाले घासून पाह्यले. एकानं माह्या ओढणीचे कोपरे चाचपून पाह्यले, गाठ मारली का म्हणून. मी जाकीट घालून उभी होती आणि सगळ्याईचे मोबाईल माह्याकडं होते.

मंग थे उतरले आणि गेले पट्ट्यावर.

आता एक्केचाळीस खोपे उरले. बावीस गेले.

खरं सांगून पाह्यलं. खऱ्याले कोणी विचारत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस बकऱ्याईमागं हिंडत विचार केला. लोकं परीस सोडत नाहीत. मंग परीसच बेट सोडून गेला पाह्यजे.

रामीबाई आमच्या तांड्यातली, दर आठवड्याले दारव्ह्याच्या बाजारात काचेचे मणी आणि आरसे विकाले बसते. तिले एक गोठ सांगतली का जीपीतल्या पंधरा माणसाईले समजते. मी तिच्या घरी गेली, मणी ओवू लागली. ती म्हणे, "काय वं, आज इकडं कशी?"

"काकी, कोणाले सांगू नको."

तिनं सुई खाली ठेवली.

"कपिलले सापडला."

"काय?"

"थेच. पाडव्याच्या दिवशी. मी पाह्यला. म्हणून तं थो माह्यावर ढकलून राह्यला, माही थैली झाडली त्यानंच. लोकाईनं इकडं पाहावं म्हणून."

"कुठं ठेवला?"

थे मी ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघालं, "घरीच. कुठं तरी जोत्याच्या दगडाईत."

रामीबाईनं कपाळाले हात लावला. म्हणे, "म्हणून दुर्बीण घेऊन फिरे थो."

१३ एप्रिल

आज बेटावर एकही माणूस नाही. बोट काठाले बांधेल. मी एकटीच डोंग्यानं गेली आणि दुरूनच पाह्यलं. टिटवी पाण्यात पोट भिजवून येऊन अंड्यावर बसे, पुन्हा जाये, पुन्हा येये. सुरय बसूनच होते. एवढी शांतता बेटावर महिन्यात नव्हती.

येताना वामनरावच्या घरावरून आली. मुद्दाम आली.

लोकं जोत्याले लोखंड घासून राह्यलते. खालच्या पायरीपासून वरच्या दगडापर्यंत, कोणी विळा, कोणी सब्बल, कोणी गाडीची चाबी. एक माणूस सायकलच घेऊन आलता, उलटी करून तिची तार दगडाले लावे. वामनराव काठी घेऊन दारात उभे, ओरडून ओरडून आवाज बसेल. "अरे, दगड आहे बापा थो, माह्या आजानं बसवेल. नदीचा दगड आहे."

"मंग घासू द्या ना, तुमचं काय जाते?"

बेबीताई, कपिलची आई, ओट्यावर बसल्या होत्या, पाटा-वरवंटा मांडीवर धरून. कोणी उचलून नेऊ नये म्हणून. मी लहान होती तवा त्या पाटीभर वाल देत आम्हाले. त्याईनं मले पाह्यलं. ओळखलं. म्हणे, "बस वं बबिता, पाणी पेतं काय?"

मी नाही म्हटलं आणि आली.

कपिल दिसला नाही. मागच्या खोलीत आहे म्हणे, कडी लावून.

बरं वाटलं. खोटं कायले लिहू, लय बरं वाटलं. चार भाकरी जेवली.

२४ एप्रिल

पिल्लं निघाले. मातीच्या रंगाचे, हालले तरच दिसतेत. एकतीस मोजले, अजून अंडे आहेत.

संध्याकाळी कपिल तांड्यावर आला. चेहरा उतरेल. मी पेंढी सोडून राह्यलती.

"बबिता, हे तूच सांगतलं ना?"

"हो."

"बोटीच्या बुडाले घासून घासून छेद पाडला लोकाईनं. जोत्याचे तीन दगड गेले. आई घरातून निघत नाही. काहून केलं?"

"नववीची सहल."

थो माह्याकडं पाहत राह्यला. मी त्याले दिसली आज. अडीच वर्षानं.

"थे?" म्हणे. "थे तं गंमत होती बापा. मी सतरा वर्षाचा होतो."

"मी आता सतराची आहे."

त्यानं पेंढीवर बूड टेकलं. म्हणे, "थे मी काढून टाकतो. आजच काढतो. तू फक्त लोकाईले सांग, कपिलनं परीस धरणात फेकला, तू डोयानं पाह्यलं. माहं म्हणणं कोणी आयकत नाही, पण तू सांगतलं तं आयकतेत. तुह्याच तोंडानं सुरू झालं हे."

तेवढं त्यानं बरोबर ओळखलं. मी सांगतलं तं होईन. रामीबाईले म्हटलं का दोन बाजारात मिटन.

पण परीस फेकला म्हटलं का लोकं पुन्हा पाण्यावर येतीन, काठाकाठानं शोधतीन, बेटावर चढतीन. म्हणून म्हटलं, "पिल्लं उडू दे. मंग सांगते."

"किती दिवस लागतेत?"

"महिना."

त्यानं मान हालवली. उठला. जाता जाता म्हणे, "मले खरंच आठवत नव्हतं वं."

थेच तं.

४ मे

मॅडम येऊन गेल्या. पिल्लं पाहून त्याईच्या डोयात पाणी आलं. म्हणे गर्दी कशी काय थांबली? मी म्हटलं, थांबली. त्याईनं मले त्याईच्या वहीतला कागद देल्ला, रकाने आखेल. दर तीन दिवसानं मोजून पाठवाचं. म्हणे तू नाव लिहीत जा खाली, मोजणाऱ्याचं नाव लागते. मी नाव लिहिलं तं अक्षर लहान आलं. त्या म्हणे, मोठं लिही.

११ मे

दिपालीचा फोन आलता. अडीच वर्षानं आवाज आयकला. म्हणे तिले पाहाले वाशीमचे पाहुणे आलते. पोहे खाऊन झाले आणि पोराच्या मामानं खिशातून खिळा काढला, म्हणे एक डाव दाखवा, मंग तारीख धरू. वामनरावनं हाकलून देल्लं. पोरगा चांगला होता म्हणे, मान खाली घालून बसलता.

"तू दादाले काय बोलली मले माहीत आहे," दिपाली म्हणे. "त्याचं तू काय करशीन थे कर. मी तं तुह्या घरी आलती ना वं. तीन डाव आलती."

मी फोन कानाले धरून ठेवला. थे समजली असन का मी आहेच म्हणून, कारण थे फोन धरून राह्यली बराच वेळ.

राती जेवली नाही. याडी म्हणे पोट दुखते काय. हो म्हटलं.

२१ मे

उडाले. सगळे नाही, पण लय. पाण्यावरून खाली खाली जातेत, मायबापाच्या मागं मागं, मासा पाहून सूर मारतेत आणि रिकाम्या चोचीनं वर येतेत. मॅडमले पाठवलं, अडतीस. खाली नाव लिहिलं.

कपिलनं संदेश पाठवला, "झालं काय?"

"थोडे राह्यले," मी लिहिलं. खरंच राह्यले होते. पाच.

२५ मे

आज पट्टा रिकामा. पाचही गेले. यंदा मी पह्यल्यांदा चालत गेली मधापर्यंत. टरफलं वाळून पांढरे झाले, बोट लावलं तं चुरा होते. एका खोलगटात कोणाचं तरी कुलूप पडेल होतं, चाबीसकट.

रामीबाईचा बाजार परवा आहे.

२८ मे

काल गेली नाही. बकरी आजारी होती. पण इतकी आजारी नव्हती.

वामनरावच्या घराचं जोतं आता दिसत नाही, त्याईनं ताडपत्री टाकली, तिच्यावर बाभळीचे फांटे. लोकं फांटे सरकवून हात घालतेत. बेबीताई माहेरी गेल्या म्हणे. कपिल आर्णीले कापडाच्या दुकानात जात होता, तेथीही गिऱ्हाइकं कापड मोजाच्या लोखंडी गजावर त्याचा हात लावून पाहत, म्हणून मालकानं नको म्हटलं.

थे आयकून पह्यल्यासारखं बरं वाटलं नाही. पण वाईटही वाटलं नाही. काय वाटलं थे लिहिता येत नाही.

१ जून, रविवार

दुपारी बेटाच्या समोर बकऱ्या घेऊन बसली होती. सुरय सगळे खालच्या अंगाले, नदीकडं निघून गेले. पाण्यावर काहीच नव्हतं. फोन वाजला. कपिल.

"बबिता, महिना होऊन वर आठ दिवस झाले. उडाले काय?"

आवाज बारीक झाला आहे त्याचा. मागं कोणी तरी दार वाजवत होतं, थो दार उघडत नव्हता.

मी बेटाकडं पाह्यलं. खांब, गोटे, ऊन.

"एक राह्यलं," मी म्हटलं. "बारकं आहे."

"कधी उडन?"

"पाहू," म्हटलं, आणि थो काही म्हणाच्या आधी बकऱ्याईले हाक मारली.